वाटीतलं सांदण आणि साठाचा हिशोब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात महिला मंडळाच्या पाककृती सत्रात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून लिहून दिले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मंडळाच्या वहिनी पंधरा दिवसांपूर्वी घरी आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही सांदणावर बोला." मी म्हटलं, सांदणावर काय बोलायचं? करून आणते, खा. तर म्हणाल्या, "नाही, दरवर्षी खातोच. या वेळी कसं करायचं ते सांगा, आणि स्मरणिकेत छापू." मी आयुष्यात कधी माइकसमोर उभी राहिलेले नाही. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी सांदण म्हणजे काय, ते सांगते, कारण आपल्या सोसायटीत सगळीकडची माणसं आहेत. जळगावचे आहेत, सांगलीचे आहेत, गुजराती कुटुंबं आहेत, खुद्द मनोर-पालघरकडची आहेत. सांदण म्हणजे तांदळाच्या रव्याचा, वाफेवर शिजवलेला गोड पाव म्हणा. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. तिकडे मे महिन्यात बरका फणस पिकला की त्याच्या रसातलं पिवळं सांदण व्हायचं. आंब्याच्या रसातलंही करतात. पण फणस-आंबा नसताना, पावसाळ्यात, आई नाचणीचं पीठ आणि गूळ घालून करायची. ते तांबूस-काळसर व्हायचं. तेच मी तुम्हाला दरवर्षी खिलवते. दिसायला काळं म्हणून मुलं आधी नाक मुरडतात, आणि मग दुसरं मागतात.

आपल्याकडे जुन्या घरांत भट्टी नव्हती. चूल होती. तांदळाच्या आणि नाचणीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे त्याचा भाजका पाव काही फुगायचा नाही. मग काय करायचं? वाफ. मोदक वाफेवर, हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफेवर, सांदण वाफेवर. इथून जवळ वसईकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत ताडी घालून तांदळाचं पीठ फुगवतात, तेही सांदणच. गोव्यात त्याला सान्नां म्हणतात. आणि आपल्या पटेलभाभींचा ढोकळा, तोही याच कुळातला. वाफेचं अन्न करपत नाही, तेल लागत नाही, दात नसलेल्या आजोबांपासून दात येणाऱ्या बाळापर्यंत सगळ्यांना चालतं.

आता कृती. वहिनींनी बजावून सांगितलंय की "अंदाजाने" असं म्हणायचं नाही, माप सांगायचं. तर माप सांगते. घरातली आमटीची वाटी घ्या.

दोन वाट्या तांदळाचा रवा. बाजारातला इडली रवा चालतो. पण घरी करायचा तर जाडा जुना तांदूळ धुऊन, पंचावर सावलीत सुकवून, मिक्सरमधून रवाळ काढायचा. मी इथे आल्यावर वाडा कोलमची कणीही वापरून पाहिली. वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या शेजारच्याच तालुक्याचा तांदूळ, म्हणून कौतुकाने केलं. वास सुंदर आला, पण सांदण जरा मऊ पडलं. त्याचा भातच करावा. सांदणाला जाडा तांदूळ बरा.

एक वाटी नाचणीचं पीठ. इथे बाजारात तिला नागली म्हणतात. मी नवीन असताना आठवडी बाजारात "नाचणी आहे का" म्हणून विचारत फिरले आणि समोर नागलीची रास घेऊन बसलेली बाई मानेनेच नाही म्हणाली. दोन फेऱ्या मारल्यावर मला कळलं आणि दोघी हसलो. २०२३ साल जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा पुष्कळांनी ती पहिल्यांदा घरी आणली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आपल्या वयाच्या बायकांनी हे लक्षात ठेवावं.

एक वाटी ताक, फार आंबट नको. एक वाटी पाणी. दीड वाटी चिरलेला गूळ. एक वाटी नारळाचं घट्ट दूध, म्हणजे पहिला रस. चवीला मीठ, अर्धा चमचा सुंठ, थोडं जायफळ, हवी तर वेलची. आणि अगदी पाव चमचा खायचा सोडा. यात पंधरा-सोळा वाट्या होतात.

रवा कढईत मंद आचेवर कोरडाच परतायचा. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त हाताला गरम आणि मोकळा लागला पाहिजे. याने रव्याचा गोळा होत नाही. गार झाल्यावर त्यात नाचणीचं पीठ, ताक आणि पाणी घालून कालवून झाकून ठेवायचं. थंडीत रात्रभर. पावसाळ्यात सहा-सात तास. आणि उन्हाळ्यात चार तास, त्याच्या पुढे नाही. हे "पुढे नाही" नीट लिहून घ्या. त्याच्यावर मी परत येणार आहे.

रवा फुगला की नारळाच्या दुधात गूळ विरघळवायचा. गॅसवर ठेवायचा नाही, दूध फुटतं. गाळून घ्यायचं, गुळात कचरा असतो. ते पिठात घालून मीठ, सुंठ, जायफळ घालून ढवळायचं. इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट राहिलं पाहिजे. फार घट्ट वाटलं तर नारळाचा दुसरा रस घाला. सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून अगदी शेवटी. सोडा घातला की थांबायचं नाही, कारण ताकातली आणि गुळातली आंबट आणि सोडा एकत्र आले की बुडबुडे लगेच सुटतात. गप्पा मारत बसलात तर ते सगळे पातेल्यातच उडून जातात आणि वाटीत दगड निघतो.

मोदकपात्रात आधी पाणी खळखळून उकळू द्या. वाट्यांना तुपाचं बोट फिरवा. पाऊण वाटीच भरा. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर झाकणावरचं पाणी टपटप सांदणावर पडतं आणि वर खड्डे पडतात. वीस मिनिटं. पहिली बारा-पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी. सुरी टोचून कोरडी निघाली की झालं. पण लगेच काढू नका. दहा मिनिटं गार होऊ द्या, मग कडेने सुरी फिरवली की आपणहून सुटतं. खायला वर तूप, किंवा नारळाच्या दुधात गूळ घालून त्यात बुडवून. आणि एक सांगते, गूळ आहे म्हणून मधुमेहवाल्यांना कितीही चालतं असं नाही. आमचे हे असं म्हणून चार खायचे. गूळ ही सुद्धा साखरच.

इथपर्यंत पाककृती झाली. वहिनी म्हणतील, आता पुढच्या वक्त्यांना बोलवू. पण मला आणखी पाच मिनिटं द्या. सोसायटीची पंचवीस वर्षं झाली. मी त्याबद्दल एक गोष्ट सांगणार आहे, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. आमच्या यांना सुद्धा नाही.

तुमच्यातले जुने लोक जाणतात. आपण इथे राहायला आलो तेव्हा समोर नुसता माळ होता. रात्री हायवेवरच्या ट्रकचा आवाज आणि बेडूक, बाकी काही नाही. टँकर आला की आपण सगळ्या कळशा घेऊन खाली. आमचे हे बोईसरला एका कापडाच्या कारखान्यात होते. सकाळी चिल्हार फाट्यावरून जाणारी जीप धरायची आणि रात्री परत. २००५ च्या दिवाळीनंतर तो कारखाना बंद पडला. हिशोब मिळायला दोन वर्षं गेली. घराचे हप्ते चालू, मुलगी नववीत.

तेव्हा मी सांदणं करून विकायला लागले. आधी आपल्याच सोसायटीत, मग बाजारातल्या दोन दुकानांत. एका सांदणाचे चार रुपये. आपल्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मला किती सांभाळलं, ते मी विसरलेले नाही. कोणी नारळ आणून द्यायचं, कोणी स्वतःचं मोठं मोदकपात्र "माझ्याकडे पडूनच आहे" म्हणून दिलं, ते अजून माझ्याकडेच आहे. घरात भूक नव्हती आमच्या, पण हात नेहमी आवळलेला असायचा.

२००६ चा मे महिना. ए विंगमधल्या एका काकूंच्या नातीचं बारसं होतं. त्या काकू आता नाहीत. त्यांच्या घरची माणसं आज इथे बसली आहेत, म्हणून मी नाव घेत नाही. काकूंनी मला साठ सांदणांची ऑर्डर दिली. माझी तोवरची सगळ्यात मोठी. दोनशे चाळीस रुपये. मुलीच्या दहावीच्या क्लासचा पहिला हप्ता भरायचा होता आणि मला बरोबर तेवढेच कमी पडत होते.

साठ म्हणजे मघाच्या मापाच्या चौपट. माझं मोदकपात्र एका वेळी बारा वाट्यांचं, म्हणजे पाच खेपा. सकाळी दहाला पोहोचवायचं. मी विचार केला, सकाळी घाई नको, तर सगळं रात्रीच कालवून ठेवू. नारळ रात्रीच खवले, दूध काढलं, गूळ घातला, सगळं एकत्र करून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलं. त्या वर्षी लोडशेडिंग कसं होतं, आठवतंय ना? पंखा बंद, घरात भट्टी तापल्यासारखं. पहाटे चारला झाकण उघडलं तर पीठ वर आलेलं, कडेने फेस, आणि वास. नुसता ताकाचा आंबट वास नव्हे. नारळाचं दूध नासलेल्याचा वास.

बायकांनो, तो वास आपल्याला कळतो. कोणी सांगावं लागत नाही. मी बोट घालून चाटून बघितलं आणि तिथेच खाली बसले. परत करायचं तर घरात रवा नव्हता, नारळ नव्हते, आणि आणायला पैसे नव्हते. पहाटे चारला दुकान कोणतं उघडं?

मी काय केलं, ते सांगते. अर्धा किलो गूळ आणखी घातला. जायफळ दुप्पट घातलं. आणि आंबट मारायला सोडा भरपूर घातला. सोड्याने आंबटपणा कमी होतो, पण जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि रंग आणखी काळा पडतो. पाच खेपा केल्या. एक खाऊन बघितलं. वाईट होतं. मी स्वतःला म्हटलं, गोडाच्या ताटात काय कळतंय कोणाला. आणि साठच्या साठ पोहोचवली.

संध्याकाळी भांडी आणायला गेले. पाहुणे गेले होते. जिन्याखाली पत्रावळींची बादली ठेवली होती. त्यात माझी सांदणं. एकेक घास खाल्लेली, काही नुसती मोडून ठेवलेली. एका नजरेत कळलं. कोणाला त्रास झाला नाही, हे देवाचे उपकार, मी आठवडाभर प्रत्येक दारावरून जाताना कानोसा घेत होते.

काकू बाहेर आल्या. माझं तोंड त्यांनी पाहिलं असणार. म्हणाल्या, "पाहुणे उन्हातून आलेले, कोणाला भूकच नव्हती ग." आणि माझ्या हातात अडीचशे रुपये ठेवले. वर म्हणाल्या, "दहा राहू देत."

मी ते घेतले. नको म्हणायला हवं होतं. "काकू, सांदणं बिघडली होती, मला ठाऊक होतं," एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. ते तोंडातून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी क्लासचा हप्ता भरला.

गणपतीच्या आधी काकूंनी मला पुन्हा निरोप पाठवला. चाळीस सांदणं हवीत. मी गेले तर दारातच म्हणाल्या, "नारळाचा रस मात्र सकाळी काढ. रात्रीचा राहत नाही." एवढंच. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. रस केव्हा काढला, ते सुद्धा. आणि तरी त्यांनी पैसे दिले, आणि तरी परत बोलावलं.

ती चाळीस मी जीव ओतून केली. चांगली झाली. पण चांगली झाली म्हणून आधीचं फिटत नाही. पुढे यांना नोकरी लागली, हिशोबाचे पैसे मिळाले, दिवस बरे आले. एकदा मी धीर करून काकूंकडे अडीचशे रुपये घेऊन गेले. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "मला कसले देतेस? ज्यांनी ताटात टाकलं, त्यांना घाल खायला."

आता तुम्हाला कळलं असेल. दरवर्षी आपल्या सत्यनारायणाच्या पूजेला मी सांदणं आणते, ती साठच का असतात. कमिटीने किती वेळा विचारलं, काकू, खर्च घ्या. घरं वाढली, एकदा सेक्रेटरीसाहेब म्हणाले, शंभर करा, आम्ही पैसे देतो. मी नाही म्हटलं, आणि तुमच्यातल्या काहींना वाटलं की मी हट्टी आहे. हट्टी नव्हे. तो माझा हिशोब होता. तो त्या बारशातल्या ताटांचा होता, म्हणून त्यात दुसऱ्याचे पैसे चालणार नव्हते.

शेवटी एक गंमत सांगून बसते. ज्या मुलीच्या क्लासचा तो हप्ता होता, ती आता अमेरिकेत बोस्टनजवळ असते. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "आई, इथे तुझं सांदण डब्यात करतात!" मी म्हटलं, काहीतरीच काय. तिने सांगितलं, तिकडे एक जुना पाव आहे, तपकिरी पाव. राय म्हणून गव्हासारखं एक धान्य असतं, त्याचं पीठ, मक्याचं पीठ आणि गव्हाचं पीठ सारखं घ्यायचं. त्यात ताक, सोडा आणि मोलॅसिस, म्हणजे आपली काकवीच जवळजवळ. हे सगळं कॉफीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात भरायचं, तोंड बांधायचं आणि उकळत्या पाण्यात उभा ठेवून दोन-अडीच तास वाफेवर शिजवायचं. शनिवारी रात्री घेवड्याच्या गोडसर उसळीबरोबर खायची पद्धत. जुन्या काळी तिकडे गहू महाग, म्हणून राय आणि मका. सगळ्यांच्या घरी भट्टी नाही, म्हणून वाफ. मला हसू आलं. समुद्रापलीकडच्या बाईलाही तेच सुचलं, जे माझ्या आईला सुचलं. जे परवडतं ते पीठ, जो मिळतो तो गोडवा, आणि चुलीवरचं उकळतं पाणी.

मुलीने तो पाव केला आणि फोनवर दाखवला. दिसायला अगदी सांदण. मी तिला विचारलं, "ताक कधी घातलंस?" ती म्हणाली, "करायच्या वेळी, आई. लगेच डब्यात." मी म्हटलं, शहाणी आहेस.

तिला मी बारशाची गोष्ट सांगितलेली नाही. या स्मरणिकेतून वाचेल. वाचू दे. तिच्या शिक्षणात कोणाकोणाचा घास आहे, तिला कळलेलं बरं.

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांत लिफ्ट आली, बोअरवेल झाली, गेट झालं, कॅमेरे लागले. त्यांचे फोटो स्मरणिकेत येतीलच. पण एका मजल्यावरच्या बाईची चूक दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने ओळखली आणि पोटात ठेवली, याचा फोटो काढता येत नाही. म्हणून बोलले.

काकूंच्या घरच्यांना एवढंच सांगते, तुमच्या बारशाचं गोड मी बिघडवलं होतं. माफी असावी. जिचं बारसं होतं, ती आता कॉलेजात आहे आणि आज पहिल्या रांगेत बसली आहे. बाळ, मागच्या टेबलावरचं पहिलं सांदण तुझं. आज साठ नाहीत, एकशे वीस केली आहेत. नारळाचा रस पहाटे काढलाय.

गार व्हायच्या आत खाऊन घ्या.